सावलीत घेतल्याची वेळ

बाई,

तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोला म्हणाले. भोरच्या कॉलेजातला मोठा हॉल, पुढं तुमचा फोटो, फोटोला हार. मी उठलो, टोपी सारखी केली, माइकपर्यंत गेलो आणि 'बाई' एवढंच म्हणून परत जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. भरून आलं होतंच, खोटं कशाला सांगू. पण खाली बसलो त्याचं कारण ते नव्हतं.

माझ्याआधी जे सर बोलले ते म्हणाले, बाईंनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. उन्हानं कातडीच्या आत जे बिघडतं ते जनावराचं अंग कसं आणि किती वेळात नीट करतं, एवढीच ती गोष्ट. आणि या कामाची सुरुवात वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका पांढऱ्या शेळीपासून झाली. लोकांनी माना डोलावल्या.  ती शेळी माझी, चांदी. तिच्याबाबतीत मी तुमच्याशी खोटं बोललो होतो, आणि त्या हॉलमध्ये हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं खोटं. तुमची सगळी विद्या त्याच्यावर उभी आहे असं ते सर सांगत होते, आणि मला म्हणे दोन शब्द बोला.

म्हणून हे लिहितोय. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, तेव्हा नोंदी लिहायची सवय होती, त्यावर अक्षर टिकून आहे. थोडं लांबेल. तुम्हीच म्हणायचात, "महादेव, तुम्ही शेळीच्या खुरापासून सुरू करता आणि कानापर्यंत यायला दुपार होते." तर आज होऊ द्या दुपार. तुम्हाला आता कुठली एस्टी गाठायची नाही.

तुम्ही पहिल्यांदा वाडीवर आलात तेव्हा मी तुमच्यावर खेकसलो होतो, आठवतंय का? विंझरला उतरून आमच्यापर्यंत पाऊण तासाची चढण. तुम्ही काळी छत्री धरून, पूर्ण बाह्यांचा झगा, हातात मोजे, डोळ्यांवर काळा चष्मा, अशा अवतारात अंगणात येऊन उभ्या राहिलात. चष्मा काढलात तेव्हा दिसलं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि तोंड उन्हानं लालबुंद. आमच्याकडं अशा माणसाला सूर्यमुखी म्हणतात. मी मनात म्हणलं, आता ही कोण बया, शेळ्या कशा पाळाव्या ते मला शिकवायला आली असणार. माझी सगळी हयात शेळ्यांत गेली, आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी ते शिकवायला येतंच.

"पांढरी शेळी आहे का तुमच्याकडं? नुसते केस पांढरे नकोत, कातडीही गुलाबी पाहिजे."

"हाय. इकायची न्हाई."

"विकत नकोय. तिच्या पाठीचा तांदळाएवढा तुकडा हवाय."

मी म्हणलं, "बाई, उनाचं आलाय. पानी प्या आन् सावकाश उतरा खाली." तुम्ही पाणी प्यालात, ओट्यावर बसलात, छत्री मिटून मांडीवर घेतलीत आणि उतरायचं नावच काढलं नाही.

आमच्या हौसाचं तर तुम्हाला माहीतच आहे. मनात आलं की तोंडात आलं. तिनं भाकरी थापता थापता सरळ विचारलं, "बाई, जल्मापास्नंच असं हाय का तुमचं?" मला वाटलं, आता ही बाई उठून जाणार. तुम्ही हसलात. म्हणालात, "जन्मापासून. माझ्या कातडीत रंग तयारच होत नाही. तुमच्या कातडीत छत्री शिवून दिलेली आहे हौसाबाई, मला ती हातात धरावी लागते."

"मंग कशाला फिरता ह्या उनात?"

"छत्री नाही, पण आत दुरुस्ती करणारे आहेत. ते माझ्यातही आहेत आणि तुमच्या शेळीतही आहेत. ते किती काम करतात एवढंच बघायचंय."

आम्हाला त्या दिवशी काही कळलं नाही. पण तुम्ही नाचणीची भाकरी मागून दुसऱ्यांदा घेतलीत, आणि हौसानं तिथंच ठरवून टाकलं की ही बाई चांगली आहे. मला ठरवायला अजून महिनाभर लागला. मी असाच आहे, हे तुम्हाला नंतर कळलंच.

ठरलं ते घोंगडीच्या दिवशी. चुलीतली ठिणगी उडून घोंगडीला भोक पडलं होतं, हौसा ते भरायला बसली होती. तिनं कात्री घेऊन भोक आणखी मोठं केलं. तुम्ही म्हणालात, "अहो, जळलं तेवढंच काढा की, बाजूचं चांगलं का कापताय?"

"जळक्या कडंला दोरा धरत न्हाई बाई. चांगल्यापातुर जावं लागतं, मंग टाका बसतो." आणि ती उरलेल्या उभ्या-आडव्या धाग्यांकडं बघत बघत नवा दोरा तसाच घालत गेली.

तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. तुमचं तोंड मला अजून दिसतंय. "महादेव," तुम्ही म्हणालात, "जे वर्गात शिकवायला मला आठ दिवस लागतात, ते तुमच्या बायकोनं दहा मिनिटांत करून दाखवलं." आणि मग तुम्ही आम्हाला सांगितलंत. कातडीच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन धागे एकमेकांना धरून वळलेले असतात. उन्हातले अतिनील किरण एका धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. तिथं कुबड येतं, पुढचं नीट वाचता येत नाही. मग अंगातले कारागीर येतात. कुबडाच्या दोन्ही बाजूंनी चांगल्या भागात जाऊन कापतात, तेवढा तुकडा काढून टाकतात, समोरच्या धाग्याकडं बघून नवा तुकडा विणतात आणि टोक सांधून टाकतात. रोज, उन्हात फिरणाऱ्या प्रत्येक जिवात, न सांगता. आणि ज्या पेशीचं काम हाताबाहेर गेलंय ती स्वतःच मरून जाते, बिघाड पुढं नेत नाही.

हौसानं सुई थांबवून विचारलं, "मंग समोरचा धागा बी जळाला असला तर?"

तुम्ही म्हणालात, "तर अवघड असतं, हौसाबाई." त्या दिवसापासून आपल्या तिघांत त्यांचं नाव 'रफूवाले' पडलं. तुम्ही पुण्याच्या दवाखान्यातून नाकावर पट्टी लावून आलात की म्हणायचात, "रफूवाल्यांकडून एक जागा सुटली, डॉक्टरांनी काढली." आणि हौसा तुम्हाला ओरडायची. घरच्या माणसाला ओरडतात तसं ओरडायची, ते तुम्हाला आवडायचं, मला कळायचं.

आपलं भांडण मात्र बेडकावरून होतं, आणि ते अर्धं राहिलंय.

तुम्ही म्हणालात की बेडूक, मासा, पाखरं यांच्याकडं रफूपेक्षा सोपी युक्ती आहे. त्यांच्या पेशीत एक असा कारागीर आहे जो उजेडाचंच बळ घेतो आणि चिकटलेली दोन अक्षरं सोडवून ठेवतो. कापणं नाही, विणणं नाही. उन्हानं घातलेली गाठ उजेडानंच सुटते. आणि शेळीकडं, गाईकडं, माणसाकडं ती युक्ती उरलेली नाही. आपले फार जुने पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या बिळात आणि अंधारात दडून जगले असावेत, उजेडच नाही तर उजेडाचा कारागीर काय करणार, हळूहळू तो गेला.

मला ते पटलं नाही, सरळ सांगतो. मी म्हणलं, नव्या करडाला आम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवतो ते काय उगीच? अंगाला धरतं ते. तुम्ही म्हणालात, ऊब मिळते, हाडाला चांगलं, पण ही दुरुस्ती ती नव्हे. मी म्हणलं, "तुमी बेडकाला मानता आन् माझ्या करडाला न्हाई." तुम्ही एवढ्या हसलात की ठसका लागला. मग मी म्हणलं, वापरलं नाही की विळासुद्धा गंजतो, तसं झालं असेल आपलं. तेव्हा तुम्ही वही काढून ते लिहून घेतलंत. मी आतून फुगलो, पण तोंडावर दाखवलं नाही. पुढच्या खेपेला बेडकाचं चित्र आणून दाखवते, मग बघू कोण बरोबर, असं म्हणून गेलात. तुमची पुढची खेप झालीच नाही. पाण्याच्या टाकीखाली एक जाडा बेडूक येऊन बसतो. मी त्याला रोज सकाळी बघतो आणि माझी बाजू सोडत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. एवढा वेळ खुराभोवतीच फिरत होतो.

वैशाखाचे दिवस. तुमची सगळी तयारी झाली होती. चांदीच्या पाठीवर आणि काळी म्हणून माझी दुसरी शेळी, तिच्या पाठीवर पत्त्याच्या पानाएवढी जागा मी वस्तऱ्यानं भादरली. दोघींना नऊ वाजता अंगणात उन्हात बांधायचं, तीन वाजता जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, बर्फात घालायचा आणि तुम्ही तो पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचा. पांढरीच्या कातडीत किती बिघाड आणि काळीच्यात किती, हे मोजायचं. साधं काम.

पण बर्फाचा डबा उघडलात तर आत नुसतं पाणी. झाकण सैल राहिलं होतं. तुम्ही स्वतःवरच चिडलात, डबा उचललात आणि विंझरला बर्फ आणायला तडक निघालात. जाताना बजावलंत, "महादेव, शेळ्या सोडून कुठं जाऊ नका. तीन वाजेपर्यंत उन्हातच." छत्री ओट्याच्या खांबाला टेकवलेली तशीच राहिली.

आमच्या वाडीची एक रीत आहे, बाई. मेंढरं कातरली की तीन दिवस त्यांना ऊन दाखवत नाहीत. भादरलेलं जनावर उन्हात बांधलं तर आमची म्हातारी माणसं जेवायची नाहीत. मी ते लहानपणापासून पाळत आलोय. त्या दिवशी मी दोन भादरलेली जनावरं स्वतःच्या हातानं उन्हात बांधली आणि समोर बसून राहिलो. दहा वाजले. साडेदहा झाले. खाली वळणावर अकराच्या एस्टीचा हॉर्न वाजला. मी एक बिडी ओढली. चांदीनं मान खाली घातली होती. मी उठलो, तिला सोडली आणि मागच्या उंबराखाली नेऊन बांधली. ती लगेच गुडघे मोडून बसली.

अडीचला दुधाच्या टेम्पोचा आवाज आला, तुम्ही त्यातूनच येत असणार, तशी मी तिला उठवून परत उन्हात आणून उभी केली. तुम्ही डोक्यावर ओला टॉवेल टाकून आलात. तोंड असं लाल झालं होतं की हौसानं हातातलं टाकून तुम्हाला आत ओढलं. तरी तुम्ही तीन वाजता बाहेर आलात, माझ्या हातून तुकडे घेतलेत, चांदीच्या पायांकडं, पाठीकडं एकदा वाकून बघितलंत, आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलंत. मला वाटलं, वेळ लिहिताय.

पंधरा दिवसांनी परत आलात. चहा झाल्यावर म्हणालात, "गंमत आहे. चांदीचं बिघडलेलं काळीपेक्षा कमी निघालं. उलटं व्हायला हवं होतं." मी कपात बघत होतो.  मग विचारलंत, "महादेव, त्या दिवशी ऊन कसं होतं?"

"व्हतं की," मी म्हणलं, "नेहमीसारखं."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि दुसरा विषय काढलात.

हे ते खोटं. तीन शब्दांचं. तुम्हाला वाटेल एवढ्याचं काय घेऊन बसला म्हातारा. पण तुम्हीच तर शिकवलं होतं की मोजायच्या कामात एक आकडा खोटा असला तर पुढचं सगळं नासतं.

पुढच्या महिन्यात तुम्ही कामाची रीतच बदललीत. आता सगळी जनावरं सकाळी उन्हात बांधायची, आणि मग वेगवेगळ्या वेळी सावलीत घ्यायची. कुणाला दहाला, कुणाला बाराला. सावलीत घेतल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा म्हणालात. सावलीत नेल्यावर किती तासांत किती नीट होतं ते बघायचं. मला एवढं हायसं वाटलं. जनावर सावलीत न्यायची आता परवानगीच होती. मी एकेकीची वेळ अशी काटेकोर लिहिली की दवाखान्यातही कधी लिहिली नव्हती. ही रीत तुम्हाला कशावरून सुचली असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी एवढा शहाणा.

सांगायचा एकदा प्रयत्न केला होता. आंबवड्याला तुम्ही मला शेळ्या दाखवायला बोलावलं होतं. काम आटोपून आपण एस्टीची वाट बघत देवळाजवळ बसलो होतो. मी सुरू केलं, "बाई, त्या चांदीचं एक..." तुम्ही झटकन माझ्याकडं वळलात. "चांदीचं काय?" मला धीर झाला नाही. मी म्हणलं, "काय न्हाई, गाभण हाय." तुम्ही "अरे वा" म्हणालात आणि हातातलं पेन परत खिशात ठेवलंत. पेन तुम्ही कधी काढलं होतंत, ते मी तेव्हा बघितलंच नाही.

चांदी गेली, त्याला चार वर्षं झाली. तिची नात आहे, तशीच गुलाबी. मग तुम्हीही गेलात. विंझरच्या चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "त्या सूर्यमुखी बाईला शेवटी उनानंच खाल्ली म्हनायची." मी त्याला नको नको ते बोललो. हौसा म्हणते, या वयात टपरीवर भांडणं शोभत नाही. पण मला ते सहन होईना. तुम्ही उन्हानं गेला नाहीत. बाकी सगळी माणसं जातात तशा हृदयानं गेलात, झोपेत. पासष्ट वर्षं बिनछत्रीच्या कातडीत काढलीत आणि ती कातडी शेवटपर्यंत तुमच्या बाजूनं उभी राहिली. रफूवाल्यांना कमी लेखलेलं मी ऐकून घेणार नाही.

शोकसभेनंतर पाच दिवसांनी मृणालमॅडम वाडीवर आल्या. तुमच्याच हाताखाली शिकल्या आणि आता तुमच्याच वर्गात शिकवतात. तुमचं राहिलेलं काम त्या पुरं करणार, त्यात चांदीबद्दल लिहायचं होतं म्हणून फोटो मागायला आल्या. चांदीचा फोटो आहे माझ्याकडं, मोबाईलात. पण फोटो दाखवण्याआधी मी म्हणलं, "मॅडम, आधी माझं ऐकून घ्या, मंग लिवा काय लिवायचं ते." आणि सगळं सांगितलं. अकराची एस्टी, उंबर, अडीचचा टेम्पो, "ऊन नेहमीसारखं" हे सुद्धा. हौसा दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणलं, "त्या शेळीचा आकडा खोटा हाय. बाईंचं नाव खराब व्हायच्या आत काढून टाका."

मृणालमॅडम उठल्या. गाडीतून तुमचं जुनं रजिस्टर घेऊन आल्या. निळ्या पुठ्ठ्याचं, तेच. पान उघडून माझ्यापुढं धरलं.

तुमचं बारीक अक्षर. वाचायला मला चष्मा बदलावा लागला. काळीच्या ओळीत सगळं नीट भरलेलं. चांदीच्या ओळीत तुम्ही लिहिलं होतंत: दोन्ही गुडघ्यांना उंबराचा गर आणि बिया चिकटलेल्या. बसली होती. सावलीत होती.

गुडघे पुसायचे राहिले, बाई. जनावरांत जन्म गेला माझा, आणि गुडघे पुसायचे सुचले नाहीत. तुम्ही वाकून बघितलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. पंधरा दिवसांनी आलात तेव्हा माहीत असून विचारलंत, आणि मी खोटं बोललो तरी "बरं" म्हणालात.

त्याच पानावर, बाजूला, तुम्ही पेन्सिलीनं एक उभी रेघ मारून एक नवा रकाना पाडला होता. वर नाव दिलंत, 'सावलीत घेतल्याची वेळ'. हा रकाना त्या दिवसाच्या आधीच्या एकाही पानावर नाही, मृणालमॅडमनं मला पानं उलटून दाखवली. पुढच्या सगळ्या पानांवर आहे. तुमचं सगळं काम या रकान्यातून निघालं म्हणाल्या. कातडी उन्हातून सावलीत आल्यावर किती वेळात स्वतःला सावरते, हे विचारायचं बाईंना या पानावर सुचलं.

आणि चांदीपुढं त्या रकान्यात प्रश्नचिन्ह. किती ऊन लागलं आणि किती सावली मिळाली, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नव्हता, म्हणून तो तुम्ही कुठंच वापरला नाहीत. नुसता ठेवलात. प्रश्नचिन्हाखाली अजून एक ओळ होती. 'महादेवना विचारायचं नाही. सांगतील तेव्हा लिहायचं.'

नऊ वर्षं तुम्ही थांबलात. आंबवड्याच्या देवळाजवळ पेन काढून बसला होतात, आणि मी तुम्हाला शेळी गाभण असल्याचं सांगितलं. मी लाजेनं मरू नये म्हणून तुम्ही स्वतःचा पहिला आकडा अर्धा सोडलात. तुम्ही मला शिव्या घालायच्या होत्या. दोन कडक शब्द बोलला असता, तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो आणि तुमचा रकाना भरला असता. एवढी माया कुणी सांगितली होती करायला? रागच आला मला तुमचा, मृणालमॅडमसमोर रडलो तो त्या रागानं रडलो.

मॅडमनं पेन्सिल माझ्या हातात दिली. मी प्रश्नचिन्ह खोडलं नाही. त्याच्या शेजारी लिहिलं, सव्वाअकरा. बाई, एस्टीचा हॉर्न वाजला, एक बिडी झाली आणि मग तिला सोडली. पाच मिनिटं इकडंतिकडं असेल, पण सव्वाअकरा धरा.

सावलीत का घेतली, असा रकाना तुमच्या रजिस्टरात नाही. मृणालमॅडमनं ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वर मी जी वाडीची रीत सांगितली ती खरी आहे, पण काळीही भादरलेलीच होती, आणि तिला मी तीन वाजेपर्यंत उन्हातच ठेवली. तुमच्या लक्षात आलं असेलच. तुमच्या लक्षात काय येत नव्हतं.

अकरा वाजता माझं लक्ष ओट्याच्या खांबाकडं गेलं. तुमची छत्री तिथं होती. तुम्ही त्या वेळी खाली विंझरला बर्फ शोधत फिरत होतात, त्या उन्हात, नुसत्या डोक्यानं. समोर चांदी उभी होती. मान खाली, डोळे मिटलेले, पापण्या पांढऱ्या. छत्री घेऊन तुमच्यामागं पळत सुटलो असतो, पण शेळ्या सोडून जाऊ नका म्हणून तुम्ही बजावलं होतंत. तुमच्यापर्यंत पोचता येईना, म्हणून मी तिला सावलीत घेतली.